मतपत्रिकेवरचा श्री

आमच्या बेटावरच्या देशात एका मतदारसंघातून तीन जण विधानसभेवर निवडून जातात. म्हणून मतदारालाही कागदावर तीन फुल्या माराव्या लागतात. दोन मारल्या तर मत बाद, चार मारल्या तरी बाद. शहात्तर सालच्या निवडणुकीआधी हे मी कार्तिए मिलितेर या आमच्या गावातल्या इतक्या स्वयंपाकघरांत सांगितलं, की मला झोपेतही तीनचा आकडा दिसायचा. सगळी भीती त्या तीनची होती. ज्याची खरी भीती बाळगायला हवी होती ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मला दिसलं नाही.

त्या निवडणुकीला माझे बाबा उभे होते, अपक्ष म्हणून. दिवसा ते सरकारी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी बैठकेत. बैठका म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाची पत्र्याची खोली. आठवड्यातले चार दिवस तिथे अक्षरओळख चाले आणि शनिवारी भजन. पोरं यायची, आणि चहाची पानं खुडून परतलेल्या बायाही यायच्या, काळपट हिरव्या बोटांच्या. सगळे बाबांना गुरुजी म्हणत. गुरुजींचा एक नियम होता. पाटी असो, वही असो, नाहीतर चिन्याच्या दुकानातून आणायच्या सामानाची यादी असो, आधी वर मधोमध श्री काढायचा आणि मग पुढचं लिहायचं. श्री नसलेला कागद ते वाचतच नसत. उलटा करून परत देत. मळ्यातल्या बायका त्यावरून त्यांची थट्टा करायच्या. म्हणायच्या, गुरुजींच्या घरी भाकरीवरही श्री काढून मगच तव्यावर टाकत असतील.

घरात आम्ही दोघंच. आई मी दहा वर्षांची असताना गेली. निवडणुकीच्या वेळी मी बावीसची होते, टंकलेखन शिकून नोकरीची वाट बघत बसलेली.

निवडून येण्याचा भ्रम बाबांना नव्हता. पण विधानसभेत इंग्रजी चालतं, फ्रेंच चालतं, आणि आपली भाषा कानावर पडली तर तिथे मान वर करणारं एकही माणूस नाही, ही गोष्ट त्यांना सलायची. त्याहून आतली गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, भांडी विसळता विसळता. "बाय, मला तिथे जाऊन बसायचं नाही. आपली माणसं आपल्या माणसामागे उभी राहतात का, एवढंच मला बघायचंय. वीस वर्षं शिकवलं. ते कुणाच्या मनात आहे की नुसतं पाटीवर, ते एकदा कळू दे."

मामा समजवायला आले. म्हणाले, "भावोजी, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण थोडे आहोत हे सगळ्यांना माहीत आहे. किती थोडे, ते कशाला दाखवायचं?"

"झाकून झाकून बोटं आखडली आता," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला गेले.

अर्जावर उमेदवाराला आपला समाज लिहावा लागतो. त्याला कारण आहे. मतमोजणी झाली की हरलेल्यांमधून आणखी जास्तीत जास्त आठ जणांना आत घेतात, कुठल्या समाजाला जागा कमी पडल्या ते पाहून. त्यासाठी सगळ्या देशाची चार खणांत वाटणी केलेली आहे: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सगळे मिळून एक. बाबांनी अधिकाऱ्याला विचारलं, मराठी लिहू का? तो हसला. भला माणूस होता. म्हणाला, गुरुजी, असा खण नाही, आणि खण रिकामा ठेवलात तर अर्ज बाद. बाबांनी हिंदू लिहिलं. आम्ही बसने परत आलो. उतरताना म्हणाले, "खोटं नाही लिहिलं मी. पण पुरतं खरंही नाही."

चिन्ह त्यांनी छत्रीचं घेतलं. आमच्याकडे ऊन पडलं तर लोक आभाळाकडे संशयाने बघतात. छत्रीशिवाय बाबांना कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि मग मी घरोघर फिरू लागले. दुकानातल्या तपकिरी कागदी पिशव्या कापून मी खोट्या मतपत्रिका बनवल्या. एका खाली एक नावं, पुढे चिन्हं, छत्रीही त्यात. शेजारच्या मावशीच्या चुलीपाशी पहिला वर्ग भरला. मावशी म्हणजे रक्ताची नव्हे, पण आई गेल्यावर माझे केस तिनेच विंचरले होते. वयाच्या चाळिशीत ती बैठकेत येऊन लिहायला शिकली होती. बाबांच्या सगळ्या विद्यार्थ्यांमध्ये तिचा श्री सर्वांत बिचकलेला, उजवीकडे कलंडलेला, ओझं घेऊन चढण चढणाऱ्या माणसासारखा.

"किती लाक्र्वा, मावशी?" मी विचारायची. फुलीला आमच्याकडे सगळे तेच म्हणतात.

"त्रवा. तीन. एक गुरुजींच्या पारासोलवर, त्या छत्रीवर, दोन तुझ्या मनाला येतील तिथे."

"माझ्या नाही, तुझ्या मनाला."

"मला कुठं मन गो, मला गुडघे आहेत," ती म्हणायची, आणि पेन्सिल थुंकीने ओली करून कागदावर वाकायची. आधी वर मधोमध श्री काढायची. मग एक, दोन, तीन. मी कागद बघायची, फुल्या मोजायची आणि म्हणायची, छान. असे कितीतरी कागद मी पाहिले. प्रत्येकावर श्री होता. प्रत्येकाला मी छान म्हटलं. मी स्वतः इंग्रजी कॉलेजात शिकलेली. परीक्षेच्या कागदावर काहीही जादा लिहायचं नसतं हे मला पाठ होतं. तरी ते मला खटकलं नाही. लहानपणापासून जे डोळ्यांवर आहे ते माणसाला दिसत नाही, चष्मा दिसत नाही तसं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे रांग लागली. मळ्यातल्या बाया लग्नाच्या साड्या नेसून आल्या होत्या. मावशी बाहेर आली तेव्हा तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "झालं, बाय. तीन," ती म्हणाली. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहाच्या तीन किटल्या संपल्या. बाबा कुणाला काही विचारत नव्हते, पण मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मोजणी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावातल्या मोठ्या शाळेत. उमेदवाराला आत बसता येतं, पण बाबांना धीर झाला नाही. त्यांनी प्रतिनिधी म्हणून मला पाठवलं आणि स्वतः अंगणातल्या लिचीच्या झाडाखाली छत्री उघडून बसले. आत जाण्याआधी मी शपथ घेतली: इथे जे दिसेल ते बाहेर बोलणार नाही.

पेट्या उघडल्या, कागद सरळ केले, गठ्ठे पडू लागले. ज्याच्याबद्दल शंका असेल तो कागद अधिकारी बाजूला ठेवी आणि सगळ्या प्रतिनिधींना दाखवून निर्णय देई. आमच्या गावची पेटी आली. थोड्या वेळाने त्याने एक कागद उचलून धरला. तीन फुल्या, नीट, एक छत्रीपुढे. आणि वर मधोमध श्री.

"हे काय आहे?" त्याने फ्रेंचमध्ये विचारलं. "हे कुणाचं नाव आहे का?"

"नाव नाही," मी म्हटलं. "लिहायला सुरुवात करताना आमच्यात हे वर काढतात."

"आमच्यात म्हणजे कुणात, मादम्वाझेल?"

"आमच्यात. मराठी लोकांत. आमच्या गावच्या बैठकेत शिकलेल्या सगळ्यांत."

त्याने चष्मा काढला. त्याच्या आवाजात चीड नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. म्हणाला, कायद्याप्रमाणे मतदाराने ओळख पटेल असं काहीही कागदावर लिहायचं नाही, आणि हे कुठल्या गावच्या कुठल्या वर्गातल्या माणसांनी लिहिलं ते तुम्हीच आत्ता मला सांगितलंत. कागद बाद झाला. मग दुसरा निघाला. मग तिसरा, एकापाठोपाठ एक. इतर पक्षांचे प्रतिनिधी आधी हसले, मग त्यांनीही हसणं सोडून दिलं.

कायदा बरोबर होता, हेच त्यातलं वाईट. मी ओळखत होते. हा दुकानामागच्या आजोबांचा, दुसरी रेघ ओढून काढलेला. हा टेलरच्या बायकोचा. हा उजवीकडे कलंडलेला, तो कुणाचा हे डोळे मिटूनही सांगितलं असतं. आणि एक श्री असा घोटीव, असा सरळ होता, की फळ्यावरून उचलून ठेवल्यासारखा. तो पाहिल्यावर मी मोजणं सोडून दिलं. बाबांनी स्वतःचंही मत बाद करून घेतलं होतं.

चांगल्या कागदांमधून छत्रीच्या वाट्याला आलं ते फार थोडं. बाद झालेले सगळे धरले असते तरी बाबा निवडून आले नसतेच. पण निवडून येण्याचा प्रश्नच कुठे होता? त्यांना जे बघायचं होतं ते त्या बाजूच्या गठ्ठ्यात दोरीने बांधलं जात होतं.

मी बाहेर आले. बाबा उभे राहिले. मी आकडा सांगितला. "बरं," ते म्हणाले आणि छत्री मिटली. पाऊस पडत होता तरी मिटली. बसपर्यंत चालताना त्यांनी एकच वाक्य म्हटलं, तेही अर्धं: "म्हणजे आपली माणसं…"

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या रस्त्यावर, तिथल्या तिथे. मी शपथ घेतली होती हे खरं आहे, आणि पुढची अकरा वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण शपथ हे निमित्त. सांगायचं म्हणजे असं सांगावं लागलं असतं की तुमची माणसं तुमच्यामागेच होती, तुम्ही शिकवलेल्या अक्षरानेच ती बाद झाली, तुम्हीही झालात, आणि तुमच्या मुलीने तो श्री महिनाभर पाहिला आणि छान म्हटलं. यातलं शेवटचं वाक्य मला म्हणायचं नव्हतं. भित्रेपणाला मी शपथेचं पांघरूण घातलं.

बाबांनी बैठकेला जाणं बंद केलं. डोळे दुखतात म्हणाले. बैठकेला कुलूप लागलं, पुढे पत्रे गंजले. लोक मात्र येत राहिले. कुणी वांगी घेऊन, कुणी परसातल्या वेलावरचे चुचू घेऊन, ओसरीवर बसून हळूच म्हणायचं, गुरुजी, मी दिलं होतं बरं का. बाबा मान हलवायचे. माणसं गेली की म्हणायचे, "निवडणूक झाली की सगळेच म्हणतात." आणि त्या लोकांनाही वाटायचं की आपण दिलं, मग बाकीच्यांनीच दगा दिला. माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागली. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती आपण एकट्यानेच केली.

मावशी आली ती रडतच. "मो झिरे, गुरुजी, लेकराची शपथ, पारासोलवर लाक्र्वा काढला मी. तीन काढले. बायने शिकवलं तसे."

"हो हो," बाबा म्हणाले. "चहा घे."

त्यांचा विश्वास बसलेला नाही हे तिला कळलं. अडाणी बाई होती ती म्हणायला, पण माणसाचा चेहरा वाचायला तिला बैठकेची गरज नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलून आत गेले.

पुढच्या वर्षी मला नोकरी लागली, आणि ती कुठे, तर विधानसभेच्या कचेरीत. राजधानीत, पोर्ट लुईमध्ये, कागद टंकित करायचे, प्रतींचे गठ्ठे सभागृहात नेऊन ठेवायचे. मी बो बासँला एका विधवा बाईकडे खोली घेतली आणि महिन्यातून दोन रविवार गावी जाऊ लागले. बाबा ज्या सभागृहाकरिता इतके झुरले ते मला आतून पाहायला मिळालं, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. राजदंडामागून सभापती आत येत, सगळे उभे राहत. सरकार एका हाताला, विरोधक समोर. बाहेर व्हरांड्यात सिगारेट ओढताना क्रेओल बोलीत एकमेकांच्या पाठीवर थापा मारणारी माणसं आत शिरली की इंग्रजी बोलू लागत, राग फारच आला तर फ्रेंच. ब्याऐंशी साली तर बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच बाजूला गेल्या. समोरच्या बाजूला चारदोन माणसं, तीही बहुतेक त्या जादा जागांवर आलेली. मी कागद ठेवायला जायची तेव्हा त्या रिकाम्या बाकांकडे बघत क्षणभर थांबायची. एवढ्या मोठ्या दालनात इतक्या थोड्या माणसांनी बसायचं म्हणजे कसं वाटत असेल, हे मला त्यांच्यापेक्षा बरं ठाऊक होतं. खोलीवर परतल्यावर मी रेडिओ लावायची, ऐकायला नाही, खोलीत आवाज असावा म्हणून. लग्नाची दोन स्थळं आली आणि मीच नको म्हटलं. जवळच्या माणसापासून एक गोष्ट लपवली की बाकी कुणाशीही धड बोलता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

बाबांशीही माझं बोलणं भाजी, पाऊस आणि औषधं एवढ्यावर आलं. एकदा त्यांनी विचारलं, "तिथे कुणी आपली भाषा बोलतं का गो?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मावशी चौऱ्याऐंशी साली गेली. त्याआधी ती आणखी तीनदा आली होती, तेच सांगायला. शेवटच्या वेळी काठी टेकत. बाबा तिच्या अंत्ययात्रेत छत्री घेऊन सगळ्यांत मागे चालले. तेराव्याला गेले नाहीत. मी त्या रविवारी गावी होते आणि तरीही बोलले नाही.

सत्त्याऐंशीच्या निवडणुकीला मी मत द्यायला गावी आले. ऑगस्टचा गारठा होता. शहात्तरनंतर बाबा मत द्यायला गेलेच नव्हते; या वेळी मी त्यांना धरून शाळेपर्यंत नेलं. दारात ते थबकले आणि म्हणाले, "अजून तीनच ना?" बाहेर आले ते खिशात हात घालून, खाली बघत. परतीच्या वाटेवर भुरभुर पाऊस सुरू झाला. एकाच छत्रीखाली आम्ही चाललो होतो आणि त्यांचं कोपर माझ्या बरगडीला लागत होतं. कोपर अगदी काडीसारखं झालं होतं. मी विचारलं, "बाबा, कागदावर वर काही लिहिलंत का?"

"श्री काढला," ते म्हणाले. "का?"

आणि मग मी सांगितलं. थांबून नाही, चालता चालताच. थांबले असते तर पुन्हा गप्प बसले असते. अधिकारी, चष्मा, माझं उत्तर, तो गठ्ठा. तपकिरी पिशव्यांवरचे श्री आणि माझं छान. सगळं.

बाबा थांबले. मला वाटलं ओरडतील, आणि मला ते हवंही होतं.

"मधोमध काढला होता सगळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझंही बाद?"

"हो."

ते किंचित हसले, नाकातल्या नाकात. मग हसू गेलं. "शेजारणीचं?"

"तिचं मी लगेच ओळखलं. कलंडलेला श्री."

"ती चारदा आली होती," बाबा म्हणाले. "चारदा आली होती गो."

छत्री त्यांनी माझ्या हातात दिली आणि पावसातून पुढे चालू लागले. इतके भराभर चालताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आमचं घर आलं, ते वळले नाहीत. मावशीच्या दारापाशी गेले आणि कडी वाजवली. सुनेने दार उघडलं. तिचे हात पिठाने भरलेले होते. मी रस्त्यावर थांबले.

बाबांनी टोपी काढली. "तुझ्या सासूने मला मत दिलं होतं," ते म्हणाले. "शहात्तर साली."

सुनेला काही कळेना.

"वी, गुरुजी, हो," ती म्हणाली. "ते तर आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

बाबा उंबऱ्यातच खाली बसले. तिने पुढे होऊन त्यांना धरलं, आत नेलं आणि पाऊस आत येतो म्हणून दार लोटून घेतलं. मी छत्री घेऊन बराच वेळ रस्त्यावर उभी होते. मला कुणी आत बोलावलं नाही.